माशांविना मत्स्यालय

मत्स्यालय या शब्दाचा अर्थ सांगायला कोशाची गरज नाही. मत्स्य अधिक आलय. माशांचं घर. लहानपणी कोकणातून मुंबईला आलो की तारापोरवाला मत्स्यालयात जायचा आमचा हट्ट असायचा. १९५१ साली सुरू झालेल्या त्या मत्स्यालयात काचेला नाक लावून उभं राहायचं आणि मासा आपल्याकडे बघतो की नाही ते बघायचं, एवढीच आमची मत्स्यालयाची कल्पना. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी लंडनला भाच्याच्या घरी गेलो आणि बाहेरच्या खोलीत निळसर उजेडातल्या काचपेटीसमोर उभा राहिलो, तेव्हा सवयीनं मासे शोधू लागलो. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. खडकामागे दडले असतील म्हणून वाकून पाहिलं. शेवटी भाचा हसत म्हणाला, "मामू, शोधू नका. यात एकही मासा नाही."

"मग आहे काय?"

"पोवळी आहेत. आणि त्यांचे शेजारी."

आज मला त्या पेटीविषयी बोलायचं आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. पण महिनाभर रोज संध्याकाळी त्या पेटीसमोर बसून भाच्याला प्रश्न विचारत राहिलो. परत आल्यावर थोडं वाचलं. जे समजलं ते चार माणसांना सांगावंसं वाटलं. गंमत अशी की पेटी पोवळ्यांची होती, पण तिच्यापुढे बसून मला कळले ते मासे.

पेटी अडीच फूट लांबीची, सुमारे १३५ लिटर पाण्याची. मध्ये सच्छिद्र खडकांची उतरंड. एका खडकावर अळंबीच्या छत्रीसारखं मऊ, पिवळट काहीतरी. बाजूला हिरव्या बोटांचा झुपका. पाणी हललं की वाऱ्यावर भाताचं शेत डोलावं तसा डोलणारा. वर, उजेडाच्या जवळ, जांभळ्या टोकांची कडक फांदी. मला वाटलं ही सगळी पाणवनस्पती. भाचा म्हणाला, हे सगळे प्राणी.

आपल्याकडे पोवळं म्हटलं की अंगठीतला तांबडा खडा आठवतो. तो खडा भूमध्य समुद्रातल्या एका निराळ्या प्रवाळाचा सांगाडा. उष्ण समुद्रांत प्रवाळभित्ती बांधणारी पोवळी वेगळी. तिथला मूळ जीव म्हणजे पॉलिप. तळाशी चिकटलेली एक नळी, वर तोंड, तोंडाभोवती बोटांसारखे तंतू, आणि त्या तंतूंत भक्ष्याला डंख करणाऱ्या पेशी. असे शेकडो, हजारो पॉलिप एकमेकांना जोडून राहतात, तेव्हा पोवळ्याची एक वसाहत होते. कठीण जातींचे पॉलिप पाण्यातला चुना घेऊन आपल्याखाली दगड रचत जातात. आणि त्यांच्या अंगात, पेशींच्या आत, सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. काही जातींची नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जेची गरज अशी घरबसल्या भागते. भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतो म्हणा ना!

"हे झालं," मी म्हटलं. "पण मासे का नाहीत?"

भाचा जरा थांबला. मग म्हणाला, "होते. पाच होते."

तो एका रुग्णालयाच्या औषधविभागात काम करतो. मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा 'फाइंडिंग निमो' हा २००३ सालचा चित्रपट तिनं घरी इतक्यांदा पाहिला की त्यातला नारिंगी-पांढरा विदूषक मासा घरात आणणं भागच पडलं. दोन विदूषक आले. मग आणखी दोन लहान मासे. मुलीच्या पुढच्या वाढदिवसाला एक पिवळाधमक सर्जनमासा. नवा मासा आणला की त्याला काही आठवडे वेगळ्या पेटीत ठेवायचं, रोगराई नाही ना ते पाहायचं आणि मगच मोठ्या पेटीत सोडायचं, हा या छंदातला पहिला नियम. भाच्याला तो ठाऊक होता. पण वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. त्यानं मासा सरळ पेटीत सोडला.

आठवड्याभरात सर्जनमाशाच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. मग विदूषकांच्या अंगावर. दहा-बारा दिवसांत पाचही मासे गेले.

"तू औषधाचा माणूस," मी म्हटलं. "औषध नव्हतं?"

"आहे की. तांब्याचं औषध आहे. पण ते या पेटीत टाकलं तर मासे वाचतील आणि पोवळी, गोगलगाई, कोळंबी मरतील. मासे दुसऱ्या भांड्यात काढून उपचार करायला हवे होते. ते भांडं तयार होईपर्यंत उशीर झाला." मग हळू आवाजात म्हणाला, "मुलीनं विचारलं, अब्बा, मासे कशानं मेले? मी सांगितलं, माझ्या घाईनं."

या रोगाचा जंतू एक सूक्ष्म परजीवी आहे. क्रिप्टोकॅरियॉन असं त्याचं नाव. तो माशाच्या कातडीत शिरतो, खातो, वाढतो आणि काही दिवसांनी गळून पडतो. मग वाळूत किंवा खडकावर स्वतःभोवती कवच करून बसतो. त्या कवचात त्याची पिल्लं तयार होतात, आणि बाहेर पडली की त्यांना दिवस-दोन दिवसांत मासा मिळावाच लागतो. नाही मिळाला तर ती मरतात. पोवळ्यांना ती काही करू शकत नाहीत. अडचण एवढीच की काही कवचं फार उशिरा फुटतात. म्हणून जाणकार सांगतात, पेटी ७६ दिवस माशांविना ठेवा. जमीन पडीक ठेवावी तशी. तेवढ्यात रोगाची साखळी तुटते.

भाच्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर ७६ दिवस मोजायला घेतले. आणि त्या दिवसांत त्याच्या लक्षात येऊ लागलं की पेटी रिकामी नाही.

आधी दिसले काचेवर सरपटणारे पांढरे ठिपके. ते कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या गोतातले, टाचणीच्या टोकाएवढे जीव. मासे असताना ते दिवसाउजेडी बाहेर येत नसत. आले की गट्ट. मग खडकाच्या भोकांतून पिसांचे पंखे उघडले. ते नळीत राहणारे किडे, पाणी गाळून खाणारे. एक तारामासा दिसला, नखाएवढा. भिंगातून पाहिलं तर खडकाच्या एका खाचेत समुद्रस्पंज वाढत होता. हे सगळे कुणी विकत आणलेले नव्हते. खडकाबरोबर आले होते आणि माशांच्या भीतीनं दडून होते. पोवळीही जास्त फुलून येऊ लागली, कारण त्यांना येता-जाता टोचणारं कुणी उरलं नव्हतं.

सत्त्याहत्तराव्या दिवशी भाचा दुकानात गेला नाही. मुलीला विचारलं, मासे आणू या का? ती म्हणाली, "नको. मग तो तारामासा लपून बसेल."

अशी ती पेटी माशांविना राहिली. आता ती चालते कशी, ते सांगतो.

समुद्राचा तुकडा घरात ठेवायची खटपट जुनी आहे. जकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी १९६१ साली एका नियतकालिकात आपली पद्धत मांडली. समुद्रातला जिवंत खडक, समुद्राचंच पाणी आणि हवेचे बुडबुडे. यंत्रं जवळजवळ नाहीतच. 'जिवंत खडक' म्हणजे खडक जिवंत नव्हे. त्याच्या भोकाभोकांत राहणारे जीवाणू आणि किडे जिवंत. पुढे जर्मनीत पीटर विल्केन्स, दीत्रिख श्ट्युबर अशा मंडळींनी त्यात प्रखर दिवे आणि पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारं यंत्र यांची भर घातली. ती पद्धत 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखली जाते. आजच्या बहुतेक घरगुती पेट्या तिच्याच वंशातल्या.

भाच्याच्या घरी नळाचं पाणी आधी गाळून अगदी कोरं करतात, मग त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबानं तयार समुद्री मीठ विरघळवतात. आपलं स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर कितीतरी क्षार असतात. तापमान २५-२६ अंशांवर. आठ ते दहा तास निळसर पांढरा उजेड. दोन लहान पंप पाणी सतत हलवत ठेवतात, कारण पोवळं जागचं हलत नाही. त्याच्याकडे अन्न यायला हवं आणि त्याच्या अंगावरचा गाळ वाहून जायला हवा.

आणि पेटी भरली की लगेच पोवळी ठेवायची नसतात. लोणचं मुरावं तशी पेटी मुरावी लागते. पाण्यात कुजणाऱ्या वस्तूंपासून अमोनिया होतो. तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही घातक. दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी. या दोन्ही जीवाणूंची वस्ती खडकांत नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पूर्वी त्यासाठी एखादा दणकट मासा बळीचा बकरा म्हणून सोडत. आता त्याची गरज नाही. अमोनियाचे थेंब मोजून टाकले की काम होतं.

मग रोजची कामं. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. म्हणून रोज तेवढं गोडं पाणी भरायचं. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं. कठीण पोवळी चुना ओढून घेतात. लिटरमागे कॅल्शियम ४२० मिलिग्रॅमच्या आसपास राहील असं पाहायचं. औषधविभागातल्या माणसाला हे थेंब मोजणं, रंग ताडून पाहणं अगदी हातचं काम. माझ्यासारख्याचा तिथं निभाव लागला नसता.

इथवर सगळं सुरळीत होतं. मासे नाहीत म्हणजे त्यांना खाऊ घालणं नाही, त्यांची विष्ठा नाही, पाणी घाण होणं नाही. भाच्याच्या चाचण्यांत नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. त्याला फार अभिमान वाटला. आणि दोन-तीन महिन्यांनी पोवळी फिकी पडू लागली. हिरवी बोटं पिवळट झाली. खडकांवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेली तार दिसू लागली. डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्म जीवांची ती बुरशीसारखी साय. खरवडली की दोन दिवसांत परत.

"मामू, पाणी आरशासारखं स्वच्छ होतं," तो म्हणाला, "आणि पोवळी उपाशी होती."

आपल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल. उजेड आहे, पाणी आहे, पण खत नाही. पोवळ्याच्या अंगातल्या शैवालाला उजेडाबरोबर नत्र आणि स्फुरद लागतं. उष्ण समुद्राचं निळं पाणी तर या बाबतीत फार गरीब असतं. मग त्या गरीब पाण्यात एवढी श्रीमंत प्रवाळभित्ती उभी कशी राहते? समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागेत समुद्रातल्या सुमारे पाव जाती कशा नांदतात? याचं एक उत्तर असं की तिथं काही वाया जात नाही. एकाचं उष्टं, एकाची विष्ठा, दुसऱ्याचं जेवण.

१९८३ साली 'सायन्स' या नियतकालिकात मेयर, शुल्ट्झ आणि हेल्फमन या तिघांचा एक छोटा लेख आला होता. कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटाजवळ ग्रंट नावाच्या माशांची पिल्लं थव्यानं पोवळ्यांच्या माथ्यावर दिवसभर विसावलेली असतात. संध्याकाळ झाली की ती जवळच्या समुद्री गवतात चरायला जातात आणि पहाटे परत येतात. म्हणजे खातात तिकडे आणि मलमूत्र सोडतात इकडे. आपल्याकडे शेतात रात्री मेंढरं बसवतात ना, खतासाठी? अगदी तसंच. ज्या पोवळ्यांवर हे थवे बसत, ती पोवळी इतरांपेक्षा जास्त वेगानं वाढत होती.

भाच्याच्या पेटीत मेंढरं नव्हती. मग खत कुणी घालायचं? त्यानंच. आता रोज रात्री दिवे मंदावले की तो एका लांब नळीनं पोवळ्यांना भरवतो. आर्टेमियाची अंडी खाऱ्या पाण्यात साधारण दिवसभरात फुटतात. कोळंबी-संवर्धन करणाऱ्या आपल्या लोकांना ती ठाऊक आहेत. ती पिल्लं, त्याहून बारीक रोटिफर, कधी वाटलेलं प्लवक. नायट्रेट फारच उतरलं तर त्याचेही थेंब. पंप बंद असतो. एक-एक पॉलिप तंतू मिटून घास आत ओढतो. तो सोहळा पाहायला मी रोज जागा राहत असे. पाण्यात नायट्रेट लिटरला पाच मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायचं, फॉस्फेट त्याच्याही शंभरावा भाग. शून्यही नको आणि भरमसाटही नको. जास्त झालं की शैवाल बोकाळतं.

शैवाल हा माशाच्या कामाचा दुसरा अर्धा भाग. खऱ्या भित्तीवर सर्जनमासे, पोपटमासे दिवसभर खडक खरवडून शैवाल खातात. गुरांनी चरून रान मोकळं ठेवावं तसं. ते नसतील तर शैवाल पोवळ्यावर चढतं, त्याचा उजेड अडवतं आणि शेवटी त्याला गाडून टाकतं. पेटीत हे काम गोगलगाईंना दिलेलं आहे. ट्रोकस, टर्बो या जातींच्या, शंकूसारख्या शंखाच्या. बरोबर शंख पाठीवर घेऊन फिरणारे काही खेकडे आणि एक समुद्री साळिंदर, म्हणजे काटेरी अर्चिन. तो रात्री निघतो आणि जाईल तिथं खडक पांढरा स्वच्छ करत जातो. जिथं त्याचं तोंड पोचत नाही, तिथं भाचा जुना टूथब्रश घेऊन बसतो.

हे ऐकताना मला हसू आलं. पण पुढे जे वाचलं त्यानं ते मावळलं. जमैकाच्या किनाऱ्यावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करून चरणारे मासे जवळजवळ संपवले होते. तरी भित्ती टिकून होती, कारण माशांचं काम लांब काट्यांचे काळे अर्चिन करत होते. १९८३ साली कॅरिबियनमध्ये या अर्चिनांवर साथ आली आणि वर्षभरात नव्वद टक्क्यांहून अधिक मेले. त्याआधी १९८० साली मोठं चक्रीवादळ होऊन गेलं होतं. मोडलेली पोवळी सावरायची होती. ती सावरलीच नाहीत. टेरेन्स ह्यूज या शास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे तिथं सत्तरच्या दशकाअखेरीस पन्नास टक्क्यांहून अधिक तळावर जिवंत पोवळी होती, ती पाच टक्क्यांच्या खाली आली. त्यांच्या जागी शैवालाचं रान माजलं. मासे गेले तेव्हा कुणाला काही जाणवलं नव्हतं, कारण दुसरा गडी काम करत होता. तो गेला तेव्हा कळलं.

समुद्रात टूथब्रश घेऊन कोण बसणार?

दोन धोके सांगून ठेवतो, नाहीतर हा सगळा फुलांचा ताटवा वाटायचा. पोवळी शांत दिसतात, पण एकमेकांची शेजारीण त्यांना खपत नाही. रात्री काही जाती लांबलचक तंतू सोडून शेजारणीला डंख करतात. मऊ जाती पाण्यात रसायनं सोडतात. म्हणून त्यांच्यात वीतभर अंतर ठेवावं लागतं. दुसरा धोका माणसाला. बटणांसारखे गुच्छ करून वाढणाऱ्या झोअँथिड जातीच्या काही जीवांत पॅलीटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. असे खडक साफ करताना हातमोजे आणि चष्मा हवाच. ते गरम पाण्यात उकळले तर वाफेतून विष छातीत जातं. घरंच्या घरं रुग्णालयात गेल्याचे प्रकार इंग्लंडमध्ये झालेले आहेत.

आता कुणाच्या मनात येईल की आपणही अशी पेटी करावी. त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, आधी कायदा पाहा. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ सालापासून भित्ती बांधणारी सगळी कठीण पोवळी, काळी पोवळी, अग्निपोवळी आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, ते पोवळ्याला. समुद्रातून काढणं, विकणं, विकत घेणं, सगळा गुन्हा. लंडनमध्ये भाच्याकडे जी पोवळी आहेत ती समुद्रातून आलेली नाहीत. दुसऱ्या छांदिष्टांनी आपल्या पेटीत वाढवलेल्या वसाहतींचे ते तुकडे. तुकडा तोडायचा, छोट्या चकतीवर चिकटवायचा, तो वाढतो. आपण हापूसचं कलम करतो तसं. त्याच्या जांभळ्या फांदीचे तुकडे आता तीन घरांत वाढताहेत.

हे तो सांगत होता तेव्हा मी गप्प झालो. माझ्या लिहायच्या टेबलावर तीस वर्षं एक पांढरा, खाचाखाचांचा दगड होता. १९९०च्या सुमारास एका किनाऱ्यावर शंख-शिंपल्यांच्या पाटीतून घेतलेला. कागद उडू नयेत म्हणून. कितीतरी कविता त्याच्याखाली दबून राहिल्या. तो दगड म्हणजे पोवळ्याचा सांगाडा होता, हजारो रिकाम्या घरांचा. मी त्याला नेहमी 'समुद्राची आठवण' म्हणत असे. परत आल्यावर तो कागदात गुंडाळला आणि वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिला. तिथल्या साहेबांनी जरा नवलानं पाहिलं, नोंद केली. आता कागदांवर आमच्या पाट्याचा वरवंटा असतो.

मग या पेट्या नुसती हौसच का? तसंही नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात २०१२ साली जेमी क्रॅग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रोजेक्ट कोरल' नावाचं काम हाती घेतलं. पोवळी बहुधा वर्षातून एकदाच, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री, एकाच वेळी बीजांडं सोडतात. या मंडळींनी टाक्यांमध्ये दूरच्या समुद्राचे ऋतू उभे केले. तिथलं तापमान, तिथल्या दिवसाची लांबी, तिथला चंद्रप्रकाश. आणि लंडनमधल्या टाक्यांत पोवळ्यांनी वेळ साधून बीजांडं सोडली. ते निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पण नवजात पोवळी खसखशीएवढी. त्यांना शैवाल गाडून टाकत असे. तेव्हा त्यांच्याबरोबर अर्चिनांची इवली पिल्लं वाढवली. ती शैवाल चरतात आणि बाळं वाचतात. २०१९ सालचा हा निष्कर्ष वाचला आणि मला भाच्याचा टूथब्रश आठवला.

२०२३च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र इतका तापला की तिथल्या पाण्याखालच्या रोपवाटिकांमधली हजारो पोवळी काढून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावी लागली. पाणी तापलं की पोवळं अंगातल्या शैवालाला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. फार दिवस तसं राहिलं तर मरतं. एप्रिल २०२४मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की असं पांढरं पडणं जगभर एकाच वेळी सुरू आहे, आणि ही चौथी खेप. आग लागलेल्या घरातून पोर उचलून शेजारी ठेवावं, तशा या टाक्या. पण पोर कायम शेजारी राहत नाही. त्याला परत जायला घर हवं.

ते घर आपल्याकडेही आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. तिथं पोवळी आहेत. विजयदुर्गापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांचं नाव लागलेला आंग्रिया बँक नावाचा बुडालेला पठारी भाग आहे, तिथं आहेत. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरसुद्धा आहेत. किनारी रस्त्याच्या वाटेत आली म्हणून त्यातल्या काही वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे बसवल्या होत्या.

गावी गेलो की आता ओहोटीला मी कातळावर जाऊन बसतो. खाचेत साठलेल्या पाण्यात गोगलगाई असतात, खेकडे असतात, एखादं बोटभर मासळीचं पोर सुळकन दगडाखाली जातं. पूर्वी मी त्याच्याकडे कालवणाच्या नजरेनं पाहत असे. अजूनही पाहतो, खोटं कशाला सांगू? पण हेही आठवतं की हे पोर नुसतं पोहत नाही, ते कामावर आहे.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला होता. तारामाशाचे आता दहा-बारा तारामासे झालेत. मग त्याच्या मुलीनं फोन घेतला. तिला एकच विचारायचं होतं. "मामूदादा, तुमच्या समुद्रात मासे आहेत ना?"

म्हटलं, "आहेत, बेटा."

"खूप?"

मी जरा वेळ समुद्राकडे पाहिलं. म्हटलं, "पूर्वी खूप होते. तू ये. अजून आहेत."